पाण्यातले किडे कसे ओळखावेत?

मी मन्याड नदीचे पाणी व गाळ बरणीत आणला. आत लाल अळी वळवळत होती. आज्जी ओरडली, "फेक ते, नारू हाय!" तिच्या पायावर नारूचा वण आहे. मी बरणी गुरुजींना दाखवली. त्यांनी भिंग दिले.

१) डासाची अळी : डोके खाली करून लोंबते.
२) जळू : अंगावर वळ्या, दोन्ही टोकांनी चिकटते.
३) लाल अळी : वेगळे डोके असते. पुढे न चावणारे चिलट होते.
४) नारू : लांब दोऱ्यासारखा, वळ्या नाहीत. तो माणसाच्या पायातून निघे. त्याची पिल्ले पाण्यातल्या सायक्लोप्स या बारीक जीवात वाढत. ते पाणी प्याल्याने नारू होई. फडक्याने गाळल्यास सायक्लोप्स अडकतो.

भारतात शेवटचा नारूरोगी १९९६ साली सापडला. हे आज्जीला सांगितले. ती म्हणाली, "तरी पानी गाळूनच पी." आपणही तसेच करावे.