पाचकाची बाटली आणि दुधाची साखर

दूध सोसत नाही अशा माणसाने औषधाच्या दुकानात जाऊन नुसते ‘पाचक द्या’ असे कधीही म्हणू नये, हे मी अनुभवाने सांगतो. उतारवयात दुधाने पोट फुगणे, गुरगुरणे आणि पहाटे जुलाब होणे हा त्रास मला जडला. आणि आमच्या जठारपेठेत भुलाबाईची सांगता होऊन कोजागरीचे केशर-चारोळीचे आटीव दूध घरोघरी आग्रहाने पाजले जाई, तेव्हा तर तो हमखास उपटे. दुकानदाराने दिलेले गोड, केशरी पाचक नेमाने घेऊनही तिळमात्र उतार पडेना, म्हणून बाटलीवरील बारीक मजकूर भिंग लावून वाचला, तर त्यात डायस्टेज आणि पेप्सिन हे दोनच जिन्नस निघाले. पैकी पहिले पिष्ट पचवते, दुसरे प्रथिने, आणि दुधातील साखरेशी दोहोंचा काडीचाही संबंध नाही.

त्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, विघटन लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर करते. ते उणे पडले की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणूंकरवी आंबून वायू उत्पन्न करते. पावशेर दुधात ती सुमारे 12 ग्रॅम असते, आणि दूध आटवल्याने पाणी तेवढे उडते, साखर जागच्या जागी राहते, सबब बासुंदीची वाटी साध्या दुधाहून जड जाते.

तेव्हा वेष्टनावर ‘लॅक्टेज’ हा शब्द आणि त्याची मात्रा एफसीसी एककांत, म्हणजे विकराची ताकद मोजण्याच्या मापात, छापलेली आहे, याची खातरजमा करावी. युरोपातील नियमांनी दुधाच्या प्रत्येक आहारासोबत किमान 4500 एकके हे प्रमाण ठरवले आहे. लॅक्टेजची गोळी पहिल्या घोटाबरोबर घ्यावी; त्रास सुरू झाल्यावर घेतलेली व्यर्थ, आणि उकळत्या दुधात टाकलेली तर उष्णतेने निकामीच होते. दही-ताक पुष्कळांना गोळीवाचूनही मानवते, कारण विरजणातील जिवाणू साखरेचा काही अंश आधीच खर्ची घालतात; साजूक तुपात तर ती जवळजवळ नसतेच.

मात्र दुधाने अंगावर गांधी उठत असतील वा धाप लागत असेल, तर ती दुधातील प्रथिनांची ॲलर्जी होय. तेथे लॅक्टेज कुचकामी आहे. आणि शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल, किंवा रुग्ण तान्हे मूल असेल, तर गोळ्यांच्या भरीस न पडता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.