पाला कुणाचा?

सिडनीच्या उत्तरेला, दक्षिण टुरामरात, आमचा रस्ता संपतो तिथे लेन कोव्ह नॅशनल पार्कचं रान सुरू होतं. इथे त्याला 'बुश' म्हणतात. ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावरून आलेली आम्ही माणसं. झाडं बघून भाळलो आणि २०१७ साली घर घेतलं. तेव्हापासून जे कळलं ते हे.

१. घर बघायला वसंतात जाऊ नये. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो, जॅकरंडा जांभळा फुललेला होता. एजंटने खिडकीतली झाडं दाखवली, विम्याचा हप्ता नाही. जानेवारीत, पश्चिमेचा कोरडा वारा सुटलेला असताना जायला हवं होतं.

२. पन्हळ ऑगस्टमध्ये साफ करावी. वणव्याच्या ज्वाळा दारापर्यंत यायलाच हव्यात असं नाही. वाऱ्यावर निखारे उडतात, पन्हळीतल्या वाळक्या पाल्यात पडतात आणि घर वरून पेटतं. त्यात पाला निलगिरीचा, म्हणजे तेलाचा. सर्दीला आपण हुंगतो तेच तेल.

१२ नोव्हेंबर २०१९ ला सिडनीसाठी आगीच्या धोक्याची सगळ्यात वरची पायरी, 'कॅटॅस्ट्रॉफिक', पहिल्यांदाच जाहीर झाली. त्या पायरीचा अर्थ सरळ आहे: घर वाचवत बसू नका, सकाळीच निघा. आम्ही दुपारपर्यंत 'बघू, बघू' करत राहिलो. मग आमच्याच भागातलं रान पेटलं. नवरा शिडीवर चढून मूठमूठ पाला खाली टाकत होता. शेजारच्या आजी, ज्यांनी १९९४ च्या जानेवारीतली आग इथेच पाहिली होती, गाडीत बसता बसता त्याला एवढंच म्हणाल्या, की हे काम आजचं नव्हे. तो मुकाट्याने उतरला. विमानांनी गुलाबी रसायन ओतलं. घरं, गाड्या, कुंपणं, सगळं गुलालात न्हाल्यासारखं झालं. सुदैवाने आमच्या घराला काही झालं नाही. रात्री मी घाईत भरलेली पिशवी उघडली: पासपोर्ट, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि कुकरची शिट्टी. शिट्टी कशी आली ते मला अजून उलगडलेलं नाही.

३. ब्रश टर्कीशी भांडू नये. हा काळा, लाल मानेचा, पिवळी गळपट्टी लावलेला पक्षी. नर पायांनी पाला ओढून ढीग रचतो. चार मीटर रुंद, माझ्या छातीला लागेल एवढा उंच. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर अंडी उबतात. चोच खुपसून तो ऊब तपासतो आणि पाला कमीजास्त करून ती ३३ ते ३५ अंशांच्या आसपास राखतो. मादी अंडी घालून मोकळी. माझ्या अळूच्या वाफ्यावरचा पेंढा त्याने एका सकाळीत नेला, वर दोन कंदही उकरले. कायद्याने संरक्षित असल्यामुळे मला नुसतं 'हाड हाड' करण्यापलीकडे काही करता आलं नाही. सासूबाई मात्र खूश. "अगं, बायकोला बसून राहावं लागू नये म्हणून बघ किती राबतोय," असं त्या त्यांच्या लेकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

४. कचऱ्याच्या डब्यावर वीट ठेवून उपयोग नाही. काकाकुवा ती ढकलतो.

५. बाहेर राहिलेले बूट झटकूनच घालावेत. फनेल-वेब कोळी ओलसर, अंधारी जागा शोधतो. १९८१ मध्ये त्याच्या विषावर औषध आलं आणि तेव्हापासून त्याच्या चाव्याने कुणी दगावलेलं नाही. हे मी आईला फोनवर सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

६. पाल्याची गोणी उघडी ठेवली तरी चालते. गेल्या ऑगस्टमध्ये पन्हळ साफ करून मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर गोणी आडवी पडलेली, आणि टर्की आमच्याकडे पाठ न करता, उलटा चालत, पाला मागे मागे उडवत कुंपणाखालून रानात नेत होता. नवरा शिडीवरून म्हणाला, "हाकलू नकोस. अजून एक गोणी आहे."