सबटायटल्स न वाचणाऱ्या मुलांसाठी लघुपट

प्रश्न : सोसायटीतल्या पाच ते बारा वर्षांच्या मुलांना परदेशी ॲनिमेशन लघुपट दाखवायचे आहेत. लहानांना सबटायटल्स वाचता येत नाहीत. काय निवडावे?

उत्तर : बिनसंवादाचे लघुपट निवडा. सुरुवात पिक्सारच्या ‘पायपर’ने (2016) करा. लाटेला घाबरलेल्या पिल्लाची ही गोष्ट सहा मिनिटांत सगळ्यांना कळते. मायकेल डुडोक डी विट यांचा ‘फादर अँड डॉटर’ (2000) ऑस्करविजेता आणि अतिशय सुंदर आहे. पण त्यात वडिलांचा विरह आहे, म्हणून तो मोठ्या मुलांना पालकांसोबत दाखवा. ॲनिमेशन म्हणजे बालचित्रपट, असे गृहीत धरू नका. प्रत्येक लघुपट आधी स्वतः पाहा. सामूहिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची परवानगी घ्या. कार्यक्रम पाऊण तासात आटपा आणि मुलांना मनसोक्त बोलू द्या.