आधी आणि व्याधी

सज्जनहो, मागच्या कार्तिकात केळापूर तालुक्यातील एका गावी कीर्तन आटोपून ओसरीवर बसलो होतो. एक माउली पुढे आली. म्हणाली, "महाराज, आमच्या घरच्यायले चार महिने झोप नव्हती, जेवण टाकलं होतं. ताप असता तर उसनवारी करून पांढरकवड्याले नेलं असतं. मनाचं दुखणं, म्हून कोणी नेलं नाही. तुमाले इचारलं, तर तुमी म्हणले, नाम घ्या." पुढचे तिने सांगितले नाही. तिच्या कपाळाकडे पाहून मी समजलो.

तसे मी म्हणालो असेन, सर्वांनाच म्हणतो. म्हणून पोथी पुन्हा उघडली. चरकाचार्यांनी व्याधींची आश्रयस्थाने दोन सांगितली आहेत, शरीर आणि मन. आणि औषधाच्या तीन प्रकारांत 'सत्त्वावजय', म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणे, हा स्वतंत्र धरला आहे. मनाचे दुखणे म्हणजे लाड, हे शास्त्र नव्हे, ही आपली सवय. अर्जुनाच्या अंगावर कुठे जखम होती? तरी गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले. भगवंत आरंभी दोन शब्द कठोर बोलले. तेवढ्याने भागेना, तेव्हा पुढे किती अध्याय समजावीत राहिले!

अहो, वारीत कुणाच्या पायाला फोड आला तर आपण 'नाम घे, जिरेल' म्हणतो का? मलम लावतो, पाय चेपतो. नाम चालूच असते. मग मनाच्या फोडालाच नुसते नाम का?

कोणी म्हणेल, कापूस बुडाला, कर्ज वाढले, तिथे समजावून काय होणार? कर्ज बोलण्याने फिटत नाही, खरेच. पण कर्जदार जगला तर पुढचा पेरा करील.

सरकारलाही हे उमगले आहे. २०१५ साली निघालेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'च्या १४ जिल्ह्यांत आपले यवतमाळ होते. आशाताईंनी घरोघर जाऊन मनाची विचारपूस करावी, अशी त्यात योजना होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मनाच्या रोग्याला शरीराच्या रोग्याइतकाच उपचाराचा हक्क दिला; विम्यातही भेद करू नये म्हटले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस'ची सेवा आहे. फोन लावावा, पैसे पडत नाहीत.

हा आकडा मी आता आरतीपूर्वी दोनदा सांगतो. पहिल्या दिवशी टाळकरी गालात हसले. आरती झाल्यावर त्यांच्यातलाच एक जण मागे रेंगाळला, आणि म्हणाला, "महाराज, तो नंबर कागदावर लिहून द्या."