बॅप्टिस्ट सेमिनरी : नाव एक, कल निरनिराळे



इगतपुरी हे रेल्वेचे गाव. नोकरीच्या निमित्ताने येथे निरनिराळ्या पंथांची ख्रिस्ती माणसे आली, राहिली, एकमेकांची सोयरी झाली. अशी सोयरीक जुळताना समोरच्या मंडळीचे पाळक कोठे शिकले व काय मानतात, हा प्रश्न निघतो. "प्रोटेस्टंट म्हणजे सगळे एकच" असे म्हणून आपण तो बाजूला सारतो. या वेळी बॅप्टिस्टांपुरता त्याचा विचार करू.

पुण्याची पेपल सेमिनरी (१८९३ साली कँडी येथे सुरू झाली, १९५५ मध्ये पुण्यात आली) ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला बांधलेली आहे. बॅप्टिस्टांमध्ये प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. सर्वांना बंधनकारक शिकवण ठरवणारे पीठ नाही. त्यामुळे सेमिनरीचा कल तिचे विश्वस्त, प्राध्यापक आणि विश्वासाचा लेखी जाहीरनामा यांवर ठरतो. तो बदलतोही. अमेरिकेत लुईव्हिल येथील १८५९ सालची सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरी १९९३ मध्ये अल्बर्ट मोलर अध्यक्ष झाल्यावर सनातनी बाजूला वळली. बायबलमध्ये कोणतीही चूक नाही आणि पाळकपद पुरुषांचेच, यावर तेथे भर आला. अनेक जुने प्राध्यापक बाहेर पडले. १९९४ मध्ये टेक्सासच्या बेलर विद्यापीठात सुरू झालेली ट्रूएट सेमिनरीही बॅप्टिस्टच, पण तेथे स्त्रियाही पाळकपदासाठी शिकतात.

आपल्या देशात पहिले नाव सेरामपूरचे. विल्यम कॅरी, मार्शमन व वॉर्ड या बॅप्टिस्टांनी १८१८ साली हे महाविद्यालय काढले. (याच कॅरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. आपल्या फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण मात्र १६१६ चे, हे जाता जाता सांगायला हवे!) जात वा पंथ न पाहता विद्यार्थी घेण्याचे धोरण तेथे आरंभापासून होते. आज सेरामपूरच्या सिनेटशी अनेक पंथांची महाविद्यालये जोडलेली आहेत. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी (यवतमाळ १९५३, पुणे १९८३) बॅप्टिस्टांची नव्हे, अनेक इव्हँजेलिकल मिशनांची. तिचा कल बायबलच्या अधिकारावर ठाम उभा आहे.

घरात खरी अडचण येते ती बाळाच्या स्नानसंस्काराची. स्वतः विश्वास कबूल केलेल्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा, हे सनातनी व उदार दोन्ही कलांचे बॅप्टिस्ट शिकवतात. फरक पुढे पडतो. कडक मंडळी बालपणी स्नानसंस्कार झालेल्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावते. मोकळी मंडळी तो आग्रह धरत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा काही बॅप्टिस्ट त्यात आले आणि बालकांचा व प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले.

आपली बाजू स्पष्ट आहे. पाण्याने, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने योग्य हेतूने दिलेला बाप्तिस्मा वैध. तो पुन्हा देता येत नाही. म्हणजे बॅप्टिस्ट सुनेचा किंवा जावयाचा असा बाप्तिस्माही आपण मानतो. मिश्र विवाहात कॅथलिक व्यक्तीने मुलांना कॅथलिक स्नानसंस्कार व शिक्षण देण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यायचे असते, आणि ते दुसऱ्या पक्षाला आधी सांगायचे असते. तेव्हा साखरपुड्यापूर्वीच फादरांना भेटा, आणि त्या पाळकांना सरळ विचारा : "आमच्या मुलीचा लहानपणीचा बाप्तिस्मा तुमची मंडळी मानते का?"