लाल तोंडाचें माकड व लव्हाळा

बागाईतदारास जेरीस आणणाऱ्या दोन जीवांची तुलना आम्ही येथें करीत आहों. डोक्यावर केसांची टोपी असलेलें कोंकणांतील लाल तोंडाचें माकड शास्त्रांत मकाका रेडिआटा म्हणून ओळखलें जातें. त्याचा गण प्रायमेट, म्हणजे मनुष्याचाच. लव्हाळा, अर्थात् सायपेरस रोटुंडस, गवतासारखा दिसतो, परंतु गवत नव्हे. त्याची दांडी तिधारी व भरीव असते. त्याचें कुल सायपरेसी. गण मात्र भात, ज्वारी व ऊंस यांचाच.

माकडीण बहुधा एका वेळीं एकच पिलूं देते. लव्हाळ्याची जमिनींत राहिलेली एक गांठ अनेक नव्या गांठी धरते. माकड केवळ दक्षिण भारतांत आढळतें. लव्हाळा सर्व उष्ण देशांत पसरला आहे. जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत माकड धोक्यांत आलेल्या प्राण्यांत गणलें आहे; लव्हाळ्याची चिंता कोणास नाहीं.

बागेंत माकडांची टोळी पाहून त्यांची जात विपुल आहे असें समजूं नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यांस संरक्षण आहे. नुकसान खरें असलें तरी बंदोबस्त वनखात्यामार्फतच करावा. लव्हाळ्यास मात्र दया नको: उन्हाळ्यांत खोल नांगरून गांठी उन्हांत वाळवाव्या.