खांब आला, बिलाचं काय?

2021 च्या पावसाळ्यात थकबाकीपायी राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावचे पथदिवे बंद झाले. चहूकडे ऊस, त्यात बिबट्याची धास्ती, आणि पहाटे दुधाचे कॅन घेऊन डेअरीवर जाणारी माणसं अंधारात.

रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल सरकार भरतं, असा गावात समज होता. पूर्वी बऱ्याच अंशी तो खराही होता. त्या वर्षी मात्र ग्रामविकास विभागाने हे बिल पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतींनीच भरायला सांगितलं. त्या निधीतले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या 40 टक्क्यांत गावाची बाकीची कामं, आणि त्यात वीजबिलही.

आम्ही काही जणांनी ग्रामपंचायतीचं दप्तर पाहायला मागितलं. मंजूर भार कमी, दिवे जास्त. टायमर नसल्याने काही दिवे भरदुपारीही जळत होते. नमुना 9 या करमागणीच्या नोंदवहीत दिवाबत्ती कराची मागणी घरोघर लावलेली, पण वसुली अर्धीसुद्धा नाही. गावाला हे आधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

म्हणून सांगतो, आमदार निधीतून चौकात हायमास्टचा उंच खांब येणार म्हटलं की हार-नारळाआधी हिशेब मांडा. त्यावरचे 200 वॅटचे सहा दिवे रोज बारा तास जळले तर महिन्याला 432 युनिट होतात. तेवढ्याच विजेत 40 वॅटचे 30 एलईडी दिवे वाड्यावस्त्यांवर लागतात. हायमास्ट उभारायचा खर्च निधीतून होतो, बिल मात्र दरमहा गावाच्या नावावर येतं. नवे दिवे हवेत तर ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या. वाढीव भार, टायमर आणि देखभालीची मुदत ठरावातच लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर थांबू नका.

आमच्या जिल्ह्यात अकोले, कर्जत, पारनेर इथे ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. असा बदल तुमच्याकडे होणार असेल तर दिवाबत्तीही नव्या संस्थेकडे जाते. तेव्हा प्रत्येक वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक कुणाच्या नावावर आहे आणि जुनी थकबाकी कोण भरणार, हे हस्तांतराच्या वेळीच विचारा.

पुढच्या ग्रामसभेत पथदिव्यांचं शेवटचं बिल वाचून दाखवायला सांगा. आणि सभेला जाण्याआधी आपल्या घरपट्टीची, दिवाबत्तीची पावती फाडून घ्या.